फावल्या वेळी : एका कडीच्या तीन भेटी

टॅटिंगची लेस पाहणाऱ्याला पुष्कळदा क्रोशाचीच वाटते. दोन्हींना सुती दोरा लागतो, दोन्ही जाळीदार दिसतात आणि रुमालाच्या, पोलक्याच्या किंवा झबल्याच्या काठाला दोन्ही सारख्याच शोभतात. जवळ घेऊन पाहिले म्हणजे मात्र भेद ध्यानात येतो. क्रोशाच्या कामात फासे एकमेकांत गुंतवीत नेलेले असतात. शेवटचा फास सुटला आणि दोरा ओढला गेला की तासाभराचे काम क्षणात उलगडते. टॅटिंगमध्ये असे उलगडणे नाही, कारण ते सारे गाठींचे काम आहे. प्रत्येक गाठ आपल्या जागी पक्की बसते, आणि एखाद्या ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी शेजारची नक्षी शाबूत राहते. आजीच्या पेटीतून निघालेल्या रुमालाचे कापड विरून गेलेले असले तरी त्याच्या काठची टॅटिंगची लेस काढून नव्या कापडाला लावता येते, ती यामुळेच.

या कलेचा दुसरा गुण असा की, तिला घरात वेगळी जागा द्यावी लागत नाही. भरतकामाला चौकट हवी, शिवणाला यंत्र हवे. टॅटिंगचे सारे साहित्य चष्म्याच्या घरात मावते. काम कोणत्याही गाठीपाशी थांबवावे आणि पुन्हा तेथूनच उचलावे. डाळ शिजेपर्यंतची पंधरा मिनिटे, मुलांच्या शिकवणीबाहेर थांबण्याचा अर्धा तास, आगगाडीच्या प्रवासातील एखादी लांबलचक दुपार, असा तुकड्यातुकड्यांनी मिळणारा वेळ या कामाला पुरतो.

असे असूनही टॅटिंग शिकू लागलेल्या पुष्कळजणी दोन दिवसांतच ते बाजूला ठेवतात. ज्या पुढे जातात त्यांतील काही पहिल्याच खेपेस मेजावरचे मोठे आच्छादन करावयास घेतात आणि ते कपाटात अर्धवट पडून राहते. पहिल्या अडचणीचे मूळ एका बारीकशा खुबीत आहे. ती उमगली की सारी कला हाती आली. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणजे लहान वस्तू हाती घेणे आणि ती पुरी करून कोणाला तरी देणे. म्हणून या खेपेस आपण एकच कडी शिकू आणि त्याच कडीपासून तीन भेटवस्तू करू.

थोडी पूर्वपीठिका

निरनिराळ्या देशांत या लेसला मिळालेली नावे मोठी मौजेची आहेत. फ्रेंच भाषेत तिला ‘फ्रिव्होलिते’ म्हणतात, म्हणजे निव्वळ चाळा. इटालियन नाव गप्पागोष्टी या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. जर्मनीत तिला छोट्या होडीचे काम म्हणतात, आणि तुर्कस्तानात ‘मेकिक ओया’, म्हणजे शटलची लेस. पहिल्या दोन नावांत बायकांच्या कामाविषयीचा किंचित उपहास आहे. पुढच्या दोन नावांत मात्र हातातील हत्यार आहे. वाचकांनी दुसऱ्या जोडीचा पक्ष घ्यावा.

१८व्या शतकात युरोपातील उमरावांच्या घरांतून स्त्रिया मोठ्या शटलने दोऱ्यावर नुसत्या गाठी मारीत आणि ती गाठाळलेली दोरी कापडावर नक्षीसारखी टाचीत. जॉशुआ रेनल्ड्स या इंग्रज चित्रकाराने १७६०च्या सुमारास अल्बेमार्लच्या काउंटेसचे चित्र काढले. त्यात तिच्या हाती असे शटल दिसते. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढे १९व्या शतकात गाठींच्या कड्या होऊ लागल्या, कड्या एकमेकींना जोडण्याची युक्ती निघाली आणि दोरीची लेस झाली. त्या शतकाच्या मध्यास रिएगो द ला ब्रँशार्दिएर या बाईंनी इंग्लंडमध्ये टॅटिंगच्या नमुन्यांची पुस्तके काढली. तेरेज द दिल्मों यांच्या १८८६च्या सुईकामाच्या कोशात टॅटिंगला स्वतंत्र प्रकरण मिळाले. आपल्याकडे लेसची कामे प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या शाळांतून आली. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला नागरकोइल येथे १८२०च्या दशकातच मुलींना लेस करण्याचे शिक्षण मिळू लागले होते. शाळेतल्या शिवणाच्या तासाला किंवा शेजारच्या काकूंजवळ बसून टॅटिंग शिकलेल्या भगिनी वाचकांतही पुष्कळ असतील. त्यांनी पुढील भाग ओलांडून थेट नमुन्यांकडे जावे.

साहित्य

शटल होडीच्या आकाराचे, सहा-सात सेंटिमीटर लांबीचे असते. त्याची दोन पाती मध्ये छोट्या दांडीने जोडलेली असतात. घेताना पात्यांची टोके एकमेकांना टेकलेली आहेत ना, एवढे पाहावे. ती उघडी असली तर दोरा आपोआप सुटत राहतो. दांडीवर दोरा गुंडाळताना तो पात्यांच्या कडेबाहेर येऊ देऊ नये. गावात शटल मिळत नसेल तर जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याची सहा सेंटिमीटर लांबीची पट्टी कापून तिच्या दोन्ही टोकांना खाच पाडावी आणि तीवर दोरा गुंडाळावा. शिकण्यापुरते तेवढे पुरे होते.

दोरा घट्ट पिळाचा, चकचकीत सुती क्रोशाचा घ्यावा. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हे लक्षात ठेवावे. शिकण्यासाठी १० क्रमांकाचा, नित्याच्या वस्तूंना २० क्रमांकाचा आणि नाजूक रुमालाला ४० क्रमांकाचा दोरा योग्य. लोकर या कामी घेऊ नये. तीवर गाठी सरकत नाहीत. भरतकामाचा सहापदरी दोरा सुटा पडतो, म्हणून तोही आरंभी नको. याखेरीज एक बारीक क्रोशाची सुई, एक शिवणाची सुई आणि कात्री एवढे जवळ असले म्हणजे झाले.

गाठ आणि तिची खुबी

टॅटिंगची पुरी गाठ दोन अर्ध्या गाठींची मिळून होते. ही गाठ आपल्याला अनोळखी नाही. मॅक्रमच्या कामात दोऱ्या पहिल्यांदा काठीला अडकवतात तेव्हा जी गाठ दिसते ती हीच.

शिकताना दोन रंगांचे दोरे घ्यावेत. समजा, शटलवर पांढरा आणि गुंड्यात तांबडा दोरा आहे. दोहोंची टोके एकत्र गाठून ती गाठ डाव्या हाताच्या अंगठ्याच्या व तर्जनीच्या चिमटीत धरावी. तांबडा दोरा उरलेल्या बोटांच्या पाठीवरून नेऊन करंगळीला दोन वेढे द्यावेत. शटल उजव्या हाती धरावे आणि पांढरा दोरा उजव्या बोटांच्या पाठीवर किंचित झुलता ठेवावा.

पहिली अर्धी गाठ अशी : शटल तांबड्या दोऱ्याखालून पलीकडे न्यावे आणि तांबड्याच्या वरून, पण झुलत्या पांढऱ्या दोऱ्याच्या खालून परत आणावे. आता पांढऱ्याचा वेढा तांबड्याभोवती पडलेला दिसेल. खुबी इथेच आहे. डाव्या हाताची बोटे सैल सोडावीत आणि शटलचा दोरा ताठ ओढावा. ओढताच वेढा बाजू बदलतो : पांढरा दोरा काठीसारखा सरळ होतो आणि तांबडा त्याच्याभोवती वळतो. पांढरा तसाच ताठ ठेवून डाव्या हाताचे मधले बोट हळू उचलावे, म्हणजे तांबडा वेढा सरकत चिमटीपाशी येऊन बसतो.

दुसरी अर्धी गाठ याच्या उलट : शटल तांबड्यावरून पलीकडे न्यावे आणि तांबड्याच्या खालून, खाली लोंबणाऱ्या पांढऱ्या दोऱ्याच्या वरून परत आणावे. पुन्हा डावी बोटे सैल, पांढरा ताठ, वेढ्याची बाजू बदलणे आणि मधले बोट उचलणे.

गाठ बरोबर आली की नाही, हे डोळ्यांना लगेच कळते. गाठ तांबडी दिसली तर बरोबर. पांढरी दिसली तर वेढ्याने बाजू बदललेली नाही. दुसरी परीक्षा बोटांची आहे. पाच-सहा गाठी झाल्यावर शटलचा दोरा मागेपुढे ओढून पाहावा. गाठींतून तो मोकळा सरकला पाहिजे. अडकला तर शेवटची गाठ सुईच्या टोकाने लगेच सोडवावी. चार गाठी पुढे गेल्यावर ती सोडविणे फार जिकिरीचे होते.

चित्र पाहून टॅटिंग शिकणारे बहुधा येथेच अडतात. चित्रात दोरे कसे फिरतात ते दिसते. कोणता दोरा सैल आणि कोणता ताठ, हे चित्रात दिसत नाही. शेजारी बसलेल्या जाणत्या व्यक्तीच्या हाताकडे पाहिले तर जे पाच मिनिटांत कळते, ते पुस्तकावरून कळण्यास एखादी संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ लागली म्हणून आपले हात या कामाचे नाहीत असे कोणीही समजू नये. उलट, ज्यांना ही गाठ येते त्यांनी घरातील निदान एका मुलीला किंवा मुलाला ती शेजारी बसवून शिकवावी. डावखुऱ्या मुलाला समोर बसवावे. आपले हात त्याला आरशातल्यासारखे दिसतात आणि त्याचे काम सोपे होते.

एक कडी

गाठ साधली की दुसरा रंग बाजूला ठेवावा. आता शटलवरचा एकच दोरा पुरे. त्याचे टोक चिमटीत धरून दोरा डाव्या हाताच्या बोटांभोवती फिरवावा आणि पुन्हा चिमटीत आणावा. या वळशावर पूर्वीप्रमाणेच गाठी माराव्यात. गाठी वाढतात तसा वळसा आखडत जातो. त्याचा खालचा भाग हलके ओढून तो पुन्हा मोठा करावा.

दोन गाठींमध्ये सुमारे सहा मिलिमीटर मोकळा दोरा ठेवून पुढची गाठ मारावी आणि मग ती मागच्या गाठीला सरकवून भिडवावी. मधल्या दोऱ्याचा एक छोटा डोळा वर उभा राहतो. त्याला पिको म्हणतात. साडीला ‘पिको-फॉल’ करून आणतो त्यातला पिको शब्दही हाच. दोऱ्याच्या सोडलेल्या अंतराच्या निम्मी पिकोची उंची होते, म्हणून अंतर सारखे ठेवले की पिको सारख्या येतात.

आपली कडी अशी : ५ गाठी, पिको, ५ गाठी, पिको, ५ गाठी, पिको, ५ गाठी. एकूण वीस गाठी आणि तीन पिको. आता चिमटीत कडी नीट धरून शटलचा दोरा ओढावा, म्हणजे वळसा मिटतो आणि कडी पुरी होते.

दुसरी कडी पहिलीला जोडताना प्रथम ५ गाठी माराव्यात. मग पहिल्या कडीच्या शेवटच्या पिकोतून क्रोशाच्या सुईने बोटांवरचा दोरा किंचित वर ओढून घ्यावा, त्या फाशातून शटल पार करावे आणि फास हलके ओढून गाठींच्या रांगेत बसवावा. हा जोड पिकोच्या जागी आला असे समजून पुढे ५ गाठी, पिको, ५ गाठी, पिको, ५ गाठी करून कडी मिटवावी. जोडल्यानंतरही शटलचा दोरा सरकतो ना, हे पाहूनच पुढे जावे.

दोरा संपत आला तर कडीच्या मध्यावर नवा दोरा कधीही जोडू नये. ती गाठ आतून सरकत नाही आणि कडी मिटत नाही. एक कडी पुरी झाल्यावर तिच्या पायथ्याशी नवा दोरा बांधावा. टोके आखूड कापून न टाकता सुईने गाठींच्या आत ओवून घ्यावीत.

पहिली भेट : राखीचे फूल

वर सांगितलेल्या पाच कड्या एकीला लागून एक कराव्यात. दोन कड्यांमध्ये दोरा मोकळा सोडू नये. प्रत्येक कडी मागच्या कडीला पहिल्या पिकोच्या जागी जोडावी. पाचवी कडी पहिलीला जोडताना काम दुमडावे लागते. नवशिक्यांनी तसे न करता शेवटी मागील बाजूने एक बारीक टाका घालून त्या दोन पिको एकत्र आणाव्यात. आरंभीचे व अखेरचे टोक मध्यभागी घट्ट गाठावे आणि मधोमध एक मोती किंवा रंगीत मणी शिवावा.

सवय झालेल्या हाताला एका कडीस दोन-तीन मिनिटे लागतात. तेव्हा फूल पाव तासाचे काम आहे. ते रेशमी दोऱ्यावर शिवले की राखी झाली. टपालाने राखी पाठविणाऱ्या बहिणींना ही फार सोयीची; सपाट असल्यामुळे ती साध्या पाकिटातून पत्राच्या घडीत जाते आणि वाटेत मोडत नाही. मात्र श्रावणातील पाऊस ध्यानात घेऊन रंगीत दोरा आधी पारखून घ्यावा. वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात दाबावा. डाग पडला तर तो दोरा राखीला वापरू नये. हेच फूल दाट खळ देऊन कानातल्या आकड्यांत अडकविले तर कर्णफुले होतात. बांगडीच्या आकाराच्या तारेत बसविले तर नाताळच्या झाडावर टांगता येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीस जणींना वाण म्हणून द्यावयाचे असेल तर सहा-सात तासांचे काम होते. ते मार्गशीर्षात सुरू करावे म्हणजे शेवटी धावपळ होत नाही.

दुसरी भेट : वाचनखूण

पहिली कडी करावी. काम पालथे फिरवून सुमारे सहा मिलिमीटर दोरा मोकळा सोडावा आणि दुसरी कडी करावी. ती पहिलीच्या विरुद्ध दिशेला येईल. पुन्हा काम फिरवून तेवढाच दोरा सोडावा आणि तिसरी कडी करताना ती पहिलीला जोडावी. चौथी दुसरीला, पाचवी तिसरीला, अशा रीतीने वरच्या कड्या वरच्यांना व खालच्या खालच्यांना जोडीत जावे. मधून मोकळ्या दोऱ्याची नागमोडी ओळ आणि दोन्ही बाजूंना कड्यांच्या रांगा अशी पट्टी तयार होते.

पट्टी चौदा-पंधरा सेंटिमीटरची झाली की पुरे. किती कड्या लागतील हे ज्याच्या त्याच्या हाताच्या घट्टपणावर अवलंबून आहे. दहा कड्या झाल्यावर पट्टी मोजावी आणि त्यावरून हिशेब करावा. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या कड्या एकत्र बांधून त्यात त्याच दोऱ्याचा छोटा गोंडा ओवावा. पांढऱ्या किंवा फिक्या दोऱ्याची वाचनखूण उत्तम. गडद रंगाचा दोरा दमट हवेत पुस्तकाच्या पानाला लागण्याचा संभव असतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या पोथीत, शाळेतून निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या ग्रंथात किंवा पहिले बक्षीस मिळविलेल्या मुलाच्या पुस्तकात ती ठेवून द्यावी.

तिसरी भेट : रुमालाचा काठ

येथे काम फिरवावयाचे नाही. कडी, सहा मिलिमीटर मोकळा दोरा, पुन्हा मागच्या कडीला जोडलेली कडी, अशी एकच रांग करीत जावे. तीस सेंटिमीटरच्या चौकोनी रुमालाचा परिघ एकशेवीस सेंटिमीटर होतो. त्यासाठी सव्वाशेच्या आसपास कड्या धराव्यात. येथेही आधी दहा कड्या मोजून अंदाज घ्यावा. दर कोपऱ्यासाठी दोन कड्या अधिक कराव्यात आणि तेथे लेस ओढून न बसविता किंचित चुणी देऊन शिवावी. कोपऱ्यावर ताणलेली लेस पहिल्या धुण्यातच रुमालाला मुरड पाडते.

रुमालाचे कापड आधी धुऊन वाळवून घ्यावे आणि कड दुमडून शिवावी. न धुतलेले कापड नंतर आटते आणि लेस फुगते. लेसचा मोकळा दोरा रुमालाच्या कडेवर ठेवून बारीक टाक्यांनी शिवावे.

बारशाच्या टोपड्याला व झबल्याला हाच काठ लावता येतो; पण तेथे एक पथ्य अवश्य पाळावे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर पिको अगदी लहान ठेवाव्यात आणि मणी मुळीच लावू नयेत. बाळाची बोटे लांब पिकोत अडकतात, आणि सुटलेला मणी तोंडात जातो.

धुणे आणि ठेवणे

काम पुरे झाले म्हणजे ते थोडे मळके आणि वेडेवाकडे दिसते. त्याने नाराज होऊ नये. कोमट पाण्यात साबणाचा फेस करून त्यात ते बुडवून ठेवावे, चोळू नये. स्वच्छ पाण्यातून काढून पंचात दाबावे. मग जाड घडी घातलेल्या चादरीवर ते पसरावे, प्रत्येक पिको बोटाने ओढून गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी टाचावी आणि सावलीत वाळू द्यावे. या एका कृतीने कामाचे रूप पालटते.

फुलांना व कर्णफुलांना ताठपणा हवा असेल तर साबुदाण्याची पातळ, गाळून घेतलेली खळ द्यावी. साखरेच्या पाण्यानेही लेस ताठ होते, परंतु आपल्या हवेत ती चिकट बनते आणि तिला मुंग्या लागतात. लेस दीर्घकाळ ठेवावयाची असेल तर मात्र खळ धुऊन टाकूनच ठेवावी. खळीला कसर लागते. धुतलेल्या जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवणे सर्वांत चांगले.

देणे आणि विकणे

या वस्तू पाहिल्यावर कोणीतरी हटकून म्हणते, ‘‘इतके सुंदर करता, तर विकत का नाही?’’ या प्रश्नाचा थोडा हिशेब मांडून विचार करावा. रुमालाच्या सव्वाशे कड्यांना, एका कडीस तीन मिनिटे धरली तरी, सहा तासांहून अधिक वेळ लागतो. शिवणे, धुणे, टाचणे वेगळेच. यंत्राची लेस मीटरवर मिळते. तिच्या शेजारी आपला रुमाल मांडला तर गिऱ्हाईक दोऱ्याचे दाम आणि वर थोडेसे देण्यास राजी होते. आपल्याला हौस आहे म्हणून आपण तेवढ्यावर समाधान मानतो, आणि तेथेच एक अन्याय नकळत घडतो. ज्या स्त्रीची चूल लेसवर पेटते तिच्या कामाचा भाव आपल्या हौशीमुळे खाली येतो.

ही केवळ कल्पना नाही. आंध्रातील गोदावरीकाठच्या नरसापूर परिसरात हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस करीत आल्या आणि ती परदेशी जात राहिली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या जीवनावर लिहिलेला अभ्यासग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातले कित्येक तास लेस करणाऱ्या त्या स्त्रियांना कामगार न मानता, घरी बसून फावला वेळ घालविणाऱ्या गृहिणी मानले जाई. आणि म्हणून त्यांना अत्यल्प मोबदला देणे कोणालाच खटकत नसे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. ‘फावला वेळ’ हा आपल्या या सदराचाच शब्द. एकीच्या घरी तो खरोखर विरंगुळा असतो. दुसरीच्या घरी त्याच शब्दाने तिचे श्रम झाकले जातात.

म्हणून दोन नियम सुचवावेसे वाटतात. हौसेने केलेली वस्तू द्यावयाची तर मोकळ्या मनाने भेट द्यावी; विकावयाची तर लागलेले तास मोजून, अंगमेहनतीचा रास्त दर लावून विकावी, आणि तेवढी किंमत येत नसेल तर विकू नये. त्याचप्रमाणे प्रदर्शनात किंवा बाजारात हाताची लेस घेताना कारागीर स्त्रीशी घासाघीस करण्यापूर्वी आपल्याला एका कडीस किती मिनिटे लागतात, ते आठवावे. ज्याने स्वतः वीस गाठींची एक कडी केली आहे, त्याला हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टॅटिंग शिकण्याचा हाही एक लाभच.

भेट घेणाऱ्यांसाठीही एक शब्द. हाताने केलेला रुमाल मिळाला तर तो ‘वापरायला नको, खराब होईल’ म्हणून पेटीच्या तळाशी ठेवू नये. टॅटिंग धुण्याला भिणारे काम नाही. करणारीने तो वापरण्यासाठी केला आहे; तो खिशात, हातात, पाहुण्यांसमोर दिसला म्हणजेच तिच्या वेळेचे चीज झाले.

आरंभ फुलापासून करावा. दोन-चार फुले झाली की वाचनखूण आणि ती साधली की रुमाल, हाच क्रम ठेवावा. पहिल्या फुलाच्या कड्या लहानमोठ्या आल्या तरी ते टाकून देऊ नये. त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी टाचून ते आपल्याच पुस्तकात ठेवावे. सहा महिन्यांनी केलेले फूल त्याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हात किती बसला, ते कोणाला विचारावे लागणार नाही.